आधी चिप, मग लस

तुर्कस्तानातून जर्मनीत मांजर आणायचं कुणाच्या मनात असेल तर पुढचं सगळं वाचू नका, एवढंच पाठ करा: चिपची (मांजराच्या कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या मायक्रोचिपची) तारीख रेबीजच्या लशीच्या आधीची हवी, फार तर त्याच दिवसाची. माझ्याकडे ती दोन दिवस नंतरची होती. त्या दोन दिवसांनी माझे चार महिने खाल्ले.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन आठवडे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, काशजवळच्या एका गावात सुट्टीला गेलो होतो. (काशीचा काही संबंध नाही. आईला हे तीनदा सांगावं लागलं.) चार खोल्यांचं छोटं गेस्टहाऊस, चालवणाऱ्या बाई साठीच्या. सगळे त्यांना ‘तेय्झे’ म्हणायचे, म्हणजे चक्क मावशी. आणि मावशीच्या ओट्यावर ही वाघाची मावशी: हडकुळी, करडी, एक डोळा चिकटलेला, एका कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली. तेय्झे तिला फिस्तिक म्हणायच्या. फिस्तिक म्हणजे शेंगदाणा. पर्यटक असेपर्यंत ही मांजरं ताटातलं खाऊन जगतात, नोव्हेंबरात हॉटेलं बंद झाली की त्यांचे हाल सुरू होतात, असं तेय्झेंनी खुणांनी आणि फोनवरच्या भाषांतराने सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या चपलेवर झोपली आणि नवरा म्हणाला, “झालं तुझं.”

आई फोनवर म्हणाली, “साताऱ्यात काय मांजरं संपली होती?” आता मला कळतं की तिचा मुद्दा नियमांच्या दृष्टीनेही चुकीचा होता. साताऱ्याहून मांजर जर्मनीत आणायचं तर हेच सगळं करावं लागतं, कारण रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघ भारत आणि तुर्कस्तान दोघांनाही एकाच कडक रांगेत उभं करतो. क्रम असा: पंधरा आकडी चिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासायचं, प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवीत, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अहवालाच्या तारखेपासून नव्हे. थांबायचं कारण पटण्यासारखं आहे: लशीआधीच लागण झालेली असेल तर ती या काळात बाहेर पडावी. पटतं, पण काशच्या धक्क्यावरून समोर मेइस नावाचं ग्रीक बेट दिसतं, बोटीने अर्धा तासही लागत नाही. फिस्तिक तिथे जन्मली असती तर चिप, लस, २१ दिवस आणि प्राण्यांचा पासपोर्ट, संपलं. मी रोज संध्याकाळी त्या बेटाकडे बघून दात-ओठ खायचे.

तर, ११ सप्टेंबरला एका पशुवैद्याकडे गेलो. माणूस प्रेमळ. डोळा साफ केला, जंतांचं औषध दिलं, लस टोचली आणि म्हणाला, चिपा संपल्यात, परवा या. परवा गेलो. १३ तारखेला चिप बसली, लसीकरणाच्या पुस्तिकेत तारखांसकट स्टिकर लागले, आम्ही त्याला मिठाई दिली. मिठाई दिली! १३ ऑक्टोबरला तेय्झेंनीच तिला नेऊन रक्त काढून घेतलं, अहवाल उत्तम आला. मी जर्मनीत बसून दिवस मोजत होते. जानेवारीत तीन महिने भरले आणि मी मांजराची पिशवी, तिकीट, सगळं घेऊन एकटीच गेले.

१५ जानेवारी, सोमवार. प्रवासासाठीचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यच देतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. सकाळी साडेनऊला गेले, बारापर्यंत कुणी विचारलं नाही, मग जेवणाची सुट्टी. दीड वाजता चष्म्याच्या एका अधिकाऱ्याने पुस्तिका उघडली. पान उलटलं. परत मागे आला. एक बोट एका स्टिकरवर, दुसरं बोट दुसऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, “तारिह. तारिह.”

तुर्कीत तारीखला ‘तारिह’ म्हणतात. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला भाषांतर लागलं नाही, आणि तेव्हाच ते लागलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मांजर हेच, चिप हीच, रक्तात प्रतिपिंडं भरपूर, मग दोन दिवसांनी काय बिघडलं? त्याने शांतपणे समजावलं: चिप नव्हती तेव्हा लस कुठल्या मांजराला दिली हे कागदावर सिद्ध होत नाही. लस बाद. लस बाद म्हणून रक्ततपासणी बाद. तपासणी बाद म्हणून तीन महिने बाद. मी आवाज चढवला, तो त्याला मराठीत झेपला नाही. तिथूनच जर्मनीतल्या सरकारी पशुवैद्यकीय खात्याला मेल टाकली. पाऊण तासात उत्तर आलं, दोन ओळींचं: तुर्की सहकाऱ्यांचं बरोबर आहे. त्या दिवशी कुणाचंच चुकलं नव्हतं हे सगळ्यात चीड आणणारं होतं.

पहिल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काही हरकत नाही, नवी पुस्तिका करतो, ११ तारीख टाकतो. खरं सांगते, मी नाही म्हटलं ते तत्त्वासाठी नाही. चष्मेवाल्याने पुस्तिकेची झेरॉक्स काढून ठेवली होती.

संध्याकाळी तेय्झेंच्या ओट्यावर मी रडले आणि फिस्तिक पिशवीत जाऊन झोपली, म्हणजे ज्या गोष्टीची मला सगळ्यात भीती होती ती तिने फुकटात करून दाखवली. रडण्याआधी एक शहाणपणा केला होता: दुपारीच दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन नव्याने लस दिली. त्याला आधी रीडरने चिप वाचायला लावली आणि पंधरा आकडे मी मोठ्याने पुस्तिकेशी जुळवले. हे तुम्हीही करा, डॉक्टर हसला तरी.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमचे आठ झाले. १६ फेब्रुवारीला पुन्हा रक्त, १६ मेला तीन महिने पूर्ण. प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचावं लागतं, म्हणून ते आधी काढून ठेवता येत नाही, आणि १९ मे ही तुर्कस्तानात राष्ट्रीय सुट्टी. म्हणून १७ मे, शुक्रवारीच गेले. तोच चष्मा, तीच दोन बोटं. या वेळी त्याने मान डोलावली आणि ‘म्युह्युर’ मारला. म्हणजे मोहोर. तो आवाज मी फोनमध्ये रेकॉर्ड करायला हवा होता.

विमानाचं विसरलेच. केबिनमधल्या प्राण्यांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे आपलं तिकीट काढण्याआधी फोन करून मांजराची जागा पक्की करा. आमच्या विमानात पिशवीसकट ८ किलोंची मर्यादा होती, फिस्तिक सगळी मिळून पाच भरली. अंताल्याच्या विमानतळापर्यंत साडेतीन तास ती ओरडली, विमानात गप्प. जर्मनीत उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जायचं, हिरव्याने नाही. तिथे पाच मिनिटं लागली. पाच! बाईंनी चिप वाचली, कागद चाळले आणि विचारलं, हिला तुर्की कळतं की जर्मन?

दोन्ही नाही. “पिसी पिसी” म्हटलं की येते, आणि व्हिडिओ कॉलवर आईने “मने” हाक मारली की कान टवकारते. घरी आल्या आल्या टास्सो या पाळीव प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या जर्मन संस्थेकडे चिपची नोंद केली, ती फुकट होते. लशीचा पुढचा डोस वेळेत चुकला तर ती रक्ततपासणी पुन्हा बाद होते, हे मला त्या चष्मेवाल्यानेच निघताना बजावलं होतं. म्हणून फ्रिजवर कागद चिकटवला आहे. नवऱ्याने त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: तारिह!