शाओलिनला जाताय? गुहा राहिली तरी चालेल, शिलालेख चुकवू नका

चीनमधल्या शाओलिन मंदिरासाठी झेंगझोऊ शहरात उतरलात, तर स्टेशनबाहेर खासगी गाडीवाल्याच्या नादी अजिबात लागू नका. ‘शाओलिनची बस आज बंद आहे’ असं सांगून एकाने आम्हाला गाडीत बसवलं आणि मंदिराजवळच्या डेंगफेंग शहराच्या अलीकडे एका कुंग फू शाळेच्या आवारात आणून उतरवलं. तिथे वेगळं तिकीट, भाल्याच्या टोकावर गळा टेकवून दाखवणारी पोरं आणि वर उदबत्तीच्या जुड्याचे ३०० युआन. हे शाओलिन नव्हेच! मंदिर अजून पुढे होतं आणि बसही व्यवस्थित चालू होत्या. बसस्थानकावर जा, साध्या बसचं तिकीट काढा.

त्या पोरांबद्दल मात्र वाकडा शब्द काढणार नाही. डेंगफेंगमध्ये अशा शाळांतून हजारो मुलं शिकतात, पहाटेपासून घाम गाळतात. १९८२ मध्ये जेट लीचा ‘शाओलिन टेंपल’ हा सिनेमा गाजला आणि इथे लोंढे सुरू झाले. पण चिनी युद्धकला म्हणजे फक्त भिक्षू, हा समज सोडूनच या. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारने त्यासाठी केंद्रीय संस्था काढली होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चिनी पथकाने प्रात्यक्षिकं केली; आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही तेव्हा तिथेच भारतीय खेळ दाखवत होतं.

आता गुहा. भारतातून आलेल्या बोधिधर्म या भिक्षूने इथे ध्यान केलं असं सांगतात, म्हणून आपल्याकडचा प्रत्येक जण त्याच्यासाठी येतो. खालच्या माणसाने ‘वीस मिनिटं’ सांगितलं. सपशेल थाप. चूझू आश्रमाच्या मागून पायऱ्या सुरू होतात त्या संपतच नाहीत. एकसारखी उंची नाही, वळणावर सावली नाही, आणि मधल्या टप्प्यात तर गुडघा छातीला लागेल इतक्या उंच. जुलैच्या उन्हात आम्हाला सव्वा तास लागला, तोही रोज टेकडी चढणाऱ्या माणसांना. वर दगडी कमान, आत जेमतेम काही पावलांची कपार, दाराशी रांग. उतरताना पोटऱ्या थरथरत होत्या. गुडघ्याची तक्रार असेल तर सरळ सोडा. जाणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्या आणि सकाळी आठच्या आत चढायला लागा.

आणि तिथे कुंग फूचा उगम शोधू नका. बोधिधर्माने भिक्षूंना व्यायाम शिकवला ही कथा ज्या ‘यीजिन जिंग’ ग्रंथावर उभी आहे, तो १७ व्या शतकातला. त्याला जोडलेली जुनी प्रस्तावना बनावट आहे. मंदिर ४९५ सालचं, तेही बातुओ नावाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी बांधलेलं. हे ऐकून आमच्यातले दोघे हिरमुसले. मला उलट हुरूप आला, कारण खरा पुरावा खाली अंगणात उभा आहे.

घंटाघराच्या समोर ७२८ सालचा शिलालेख आहे. ६२१ मध्ये ली शिमिन, म्हणजे पुढचा तांग सम्राट ताइझोंग, वांग शिचोंग या प्रतिस्पर्ध्याशी लढत होता. शाओलिनच्या भिक्षूंनी वांगच्या पुतण्याला पकडून ली शिमिनच्या हवाली केलं. बक्षीस म्हणून ४० छिंग (जमिनीचं जुनं चिनी माप) जमीन आणि एक पाणचक्की. तेरा भिक्षूंची नावं दगडावर आहेत, सम्राटाने स्वहस्ते केलेली सही आहे. ते कोणत्या पद्धतीने लढले याबद्दल मात्र एक अक्षर नाही. शाओलिनच्या लाठीचं सविस्तर वर्णन थेट मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) सापडतं. मी त्या दगडापुढून हलायला तयार नव्हतो, आणि मागून येणारे सगळे गट सेल्फी काढून पुढे सटकत होते.

मुख्य सभामंडपांवर फार वेळ घालवू नका. १९२८ मध्ये एका लष्करशहाने मंदिर जाळलं, त्यामुळे बरंचसं नवं बांधकाम आहे. मागचा सहस्रबुद्ध मंडप जुना, सराव करताना भिक्षूंचे पाय आपटून फरशीत पडलेले म्हणतात ते खळगे बघाच. शेजारच्या बाई-यी मंडपात छिंग राजवटीच्या काळातली (१६४४–१९१२) भित्तिचित्रं आहेत, सावळे आणि गोरे भिक्षू जोडीने सराव करताना. अंधार असतो, डोळे सरावू द्या. भिक्षूंच्या समाधी-स्तूपांचं स्तूपवनही बघण्यासारखं. तिकिटात येणारा कुंग फूचा खेळ वगळलात तरी चालेल.

पुढचे लोयांगचे दिवस छान गेले. हाताशी आणखी एक दिवस असेल तर पीत नदीपलीकडच्या चेनजियागोऊ गावी जा. ताइचीची चेन परंपरा तिथली, आणि तिथे चढ नाही.