बाळ बाहेर आलं, बीपी तिथंच राहिलं

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. ३५वा आठवडा, बीपी १५२/९८, लघवीत प्रोटीन, डॉक्टर म्हणतायत दोन दिवसांत डिलिव्हरी करून टाकू, आणि घरचे म्हणतायत अजून दोन आठवडे काढ की, बाळाचं वजन तरी वाढेल, तर तुझ्या वेळी तुम्ही काय केलेलं? आता ह्याला मेसेजमध्ये काय उत्तर देणार, म्हणून इथेच लिहितेय.

आम्ही थांबलो होतो. ३४ आठवडे ५ दिवस झाले असताना प्रीएक्लॅम्प्सिया निघाला (गरोदरपणात बीपी वाढतं, लघवीत प्रोटीन जातं, तो आजार), ॲडमिट केलं, दर चार तासांनी बीपी, दिवसाआड रक्त काढायचे, प्लेटलेट्स, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन सगळं बघायला, बाळाचे ठोके रोज. मी आपली एकेक दिवस मोजत पडलेली, आजचा गेला, बाळाला एक दिवस जास्त मिळाला. नवव्या दिवशी सकाळी डोकं असं ठणकायला लागलं की विचारू नका, डोळ्यापुढे काजवे, बीपी १६८/११२. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम लावलं (अंगातून वाफा निघतायत असं वाटतं त्याने, आधी कुणी सांगतच नाही!) आणि लगेच सिझर. मुलगी छान होती. मी पण छान, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

नंतर रात्री-बेरात्री फीडिंग करता करता मोबाईलवर ह्यावर बरंच वाचलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये फिनिक्स नावाची ट्रायल झालेली, २०१९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली. ९०१ बायका, सगळ्या ३४ ते ३७ आठवड्यांच्या मधल्या, म्हणजे अगदी आमच्यासारख्याच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटात ४८ तासांच्या आत डिलिव्हरी सुरू करायची, दुसऱ्यात लक्ष ठेवून ३७ पर्यंत थांबायचं. आईला गंभीर त्रास होणं किंवा वरचं बीपी १६० किंवा त्याच्या पुढे जाणं, हे लवकरवाल्यांत ६५ टक्के आणि थांबलेल्यांत ७५ टक्के. बाळांचं उलटं, नवजात विभागात ठेवावं लागलं ते ४२ विरुद्ध ३४ टक्के, पण ते मुख्यतः लवकर जन्मलं म्हणून, श्वासाचे वगैरे त्रास काही जास्त नव्हते. ३४ च्या आधी गणित वेगळं असतं, तिथे जमेल तितकं थांबतात, आणि ३७ झाले की थांबण्यात काहीच अर्थ नाही. वाद आहे तो ह्या मधल्या तीन आठवड्यांचा.

पण मी गार पडले ते पुढचं वाचून. त्यातल्याच काही बायकांना सहा महिन्यांनी बोलावून हृदयाची सोनोग्राफी केली. मला वाटलेलं थांबलेल्यांचं हृदय जास्त दमलेलं निघेल, तर तसा फरक काही सापडला नाही. पण दोन्ही गट धरून ७१ टक्के जणींचं बीपी अजून वरच होतं आणि १० टक्क्यांचं हृदय नीट पंप करत नव्हतं. सहा महिन्यांनी! आणि आपल्याला काय सांगतात, वार (प्लॅसेंटा) बाहेर पडली की आजार संपला. आजाराची सुरुवात वारेतून होते हे खरं, पण तोवर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला जो मार बसलेला असतो तो काही वारेबरोबर बाहेर येत नाही.

माझंच बघा ना. बीपी डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी सोडतात तेव्हा, आणि झटके डिलिव्हरीनंतरही येऊ शकतात. पाचव्या दिवशी माझं डोकं दुखत होतं तर सगळ्यांचं एकच, झोप नाही ना होत, दुखणारच. मीही तेच म्हणाले. मुलीचं वजन रोज लिहून ठेवत होतो आम्ही, माझं बीपी कुणी मोजलंच नाही, दहाव्या दिवशी टाके दाखवायला गेले तेव्हा १५८/१०२ निघालं. गोळी सुरू झाली ती आठ महिने चालली, फीडिंग चालू असताना घेता येतात त्या. अशा बायकांना पुढे हार्टच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट असतो हे तर मला दोन वर्षांनी भलत्याच कारणासाठी गेले तेव्हा एका फिजिशियनबाईंकडून कळलं.

ऑक्सफर्डला २०२३ मध्ये एक साधा प्रयोग झालाय, बाळंतिणींनी घरी स्वतः बीपी मोजायचं आणि त्यावरून डॉक्टर गोळीचा डोस कमी-जास्त करणार. नऊ महिन्यांनी त्यांचं खालचं बीपी बाकीच्यांपेक्षा जवळपास ६ ने कमी भरलं.

तर मैत्रिणीला लिहिलं, कधी करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरव, रिपोर्ट त्यांच्या हातात आहेत, माझ्या नाहीत. पण घरी सोडताना विचार की बीपी किती झालं तर गोळी वाढवायची आणि किती झालं तर पळत यायचं, आकडा कागदावर लिहून घे. आणि बॅग भरशील तेव्हा बीपीचं मशीन बाळाच्या कपड्यांच्या वर ठेव, खाली नको, खाली गेलं की सापडत नाही.