स्नॅप, विल्टशर : घरांची साखळी जोडताना (टप्पा जनगणनेचा)

स्नॅप या ओस पडलेल्या वाडीत कोणत्या घरात कोण राहत होतं याची साखळी जोडायची आहे. त्यासाठी १८४१ ते १९०१ या सातही जनगणनांची तिथली पानं तक्त्यात उतरवून झाली आहेत. ही वाडी इंग्लंडातल्या विल्टशर काउंटीत, ऑल्डबर्न गावाच्या पश्चिमेला चारेक किलोमीटरवर चुनखडीच्या माळावर होती. पहिला उल्लेख १२६८ चा. १३७७ च्या डोईपट्टीत भरणारे १९ जण. १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि माळावरची नांगराची शेती परवडेनाशी झाली. १९०५ मध्ये रॅम्सबरीचे मांसविक्रेते हेन्री विल्सन यांनी जमीन घेऊन तिथे मेंढ्यांसाठी कुरणं केली. मेंढ्यांमागे माणसं कमी लागतात, त्यामुळे पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत घरं ओस पडली.

अशा वाडीत खरी अडचण आहे ती दप्तराची. वाडी म्हणजे पॅरिश (एका चर्चची हद्द, जिच्या नावाने नोंदी ठेवल्या जात) नव्हे. तिच्या नोंदी ऑल्डबर्नच्या नोंदींत मिसळलेल्या असतात. कुलवृत्तांताच्या सवयीने आडनाव धरून निघालो तर चार कुटुंबं सापडतात आणि वाडी हातची निसटते. इथे घर धरायचं आणि त्यात कोण आलं, कोण गेलं ते लावत जायचं.

जनगणनेत सुरुवात नावांपासून करू नये. गणना-विभागाच्या (एका गणकाला नेमून दिलेल्या भागाच्या) पुस्तिकेच्या आरंभी विभागाचं वर्णन असतं, ते आधी वाचावं. कोणत्या वाड्या आणि कोणती शेतघरं त्यात धरली आहेत हे तिथे कळतं. वुड्सएंड आणि अपहॅम या शेजारच्या वस्त्यांतली घरं स्नॅपमध्ये घुसतात ती हे पान न वाचल्यामुळेच. नंतर नोंदींचा क्रम जसाच्या तसा ठेवून उतरवा. नावांची वर्णानुक्रमे यादी करायची असेल तर ती वेगळ्या पानावर. गणकाच्या चालण्याचा क्रम हाच आपला नकाशा आहे, तो मोडला की दोन जनगणनांतली घरं जुळत नाहीत.

१८४१ च्या पानांवर नावांच्या डाव्या बाजूला तिरक्या रेघा असतात. दोन रेघा म्हणजे घर संपलं, एक रेघ म्हणजे त्याच घरातलं एक कुटुंब संपलं. १८५१ मध्ये हेच काम लांब आणि आखूड आडव्या रेघा करतात, १८६१ पासून पुन्हा तिरक्या रेघा. उतारे विकणाऱ्या संकेतस्थळांच्या अनुक्रमणिकेत या रेघा येत नाहीत, त्यामुळे मूळ पानाचं चित्र उघडणं भागच आहे. १८४१ चं वयही फसवं. पंधराच्या वरचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो, आणि सूचना सगळ्यांनी पाळली नाही. नातं त्या साली विचारलंच नव्हतं. एका घरातली तिशीची बाई बायको की बहीण, हे १८५१ च्या पानाशिवाय ठरवू नये.

एकाच नावाचे दोन शेतमजूर आले की नागरी नोंदणीची (जन्म, लग्न, मृत्यू यांच्या सरकारी नोंदींची) मदत घ्यावी. सरकारी निबंधक कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव आहे; जुन्या छापील सूचीत ते सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासूनच येतं. तेवढ्या एका रकान्याने दोघांची मुलं वेगळी होतात. ऑल्डबर्नची नोंद हंगरफर्ड नोंदणी-जिल्ह्यात झालेली असते आणि हंगरफर्ड बर्कशरमध्ये आहे. शोधाची गाळणी विल्टशरपुरती लावली की बाळं गायब होतात.

चर्चच्या वह्यांबद्दल थोडक्यात. १ जानेवारी १८१३ पासून छापील फॉर्म आले आणि बाप्तिस्मा व दफन या दोन्हींत राहण्याच्या ठिकाणाचा रकाना मिळाला, त्यामुळे वाडीचं नाव दिसू लागतं. त्याआधी बहुतेक वेळा नुसतं 'या पॅरिशचा' एवढ्यावर समाधान मानावं लागतं. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७२० ची नोंद १७२०/२१ अशीच लिहावी. बाप्तिस्मा सापडत नसेल तर लगेच 'मूल मेलं' किंवा 'कुटुंब बाहेरचं' असं लिहू नका. मेथडिस्ट आणि चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या इतर पंथांच्या १८३७ पर्यंतच्या वह्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या आरजी ४ मालिकेत आहेत.

आता राहिला १९११. कुटुंबप्रमुखांनी स्वतः भरलेले तक्ते आरजी १४ मध्ये आहेत. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, त्यातली किती हयात, हे सगळं त्यात असतं. पण स्नॅपसाठी त्याहून मोलाची आहेत ती आरजी ७८ मधली गणकांची सारांश-पुस्तकं, कारण त्यांत रिकामी घरंही नोंदलेली असतात. ओस पडत चाललेल्या वाडीत माणसांइतकंच रिकाम्या दारांचं मोजमाप लागतं. १८४१ पासूनच्या पानांवरही रिकाम्या घरांची नोंद आहे. उतरवताना ती बहुतेक जण सोडून देतात, सोडू नका.

१९११ च्या जोडीला १९१० च्या जमीन-मूल्यांकनाची आयआर ५८ क्षेत्रपुस्तकं लावायची आहेत. दर पुस्तकात शंभरपर्यंत मालमत्ता, प्रत्येकीला चार पानं : मालक, कूळ, खोल्या, बांधकाम, स्थिती. आधी मूल्यांकनाच्या नकाशावर घराचा क्रमांक शोधायचा, मगच पुस्तक मागवायचं. अभिलेखागाराच्या सूचीत नावावरून शोधता येत नाही. हे क्रमांक पंचवीस-इंची ऑर्डनन्स सर्व्हे पत्रकावर (मैलाला सुमारे पंचवीस इंच प्रमाणाच्या सरकारी नकाशावर) चढवले की गणकाच्या चालण्याला शेवटचा पुरावा मिळेल. ती पत्रकं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

निघून गेलेल्यांचा शोध उलट्या बाजूने चालू आहे. जनगणनेच्या ऑनलाइन शोधात आडनावाचा रकाना मोकळा सोडायचा, जन्मस्थळात फक्त वाडीचं नाव घालायचं, स्नॅप आणि स्नेप दोन्ही, आणि काउंटी संपूर्ण इंग्लंड ठेवायची. जवळच्या स्विंडनमध्ये १८४३ पासून रेल्वेचा कारखाना होता, म्हणून तिथली पानं आधी. मात्र वाडीत जन्मलेला माणूस एका जनगणनेत जन्मस्थळ 'स्नॅप' सांगतो आणि पुढच्या खेपेला 'ऑल्डबर्न'. म्हणून हा शोध दोन्ही नावांनी चालवायचा आणि जोडणी आईच्या माहेरच्या आडनावावरून पक्की झाल्याशिवाय तक्त्यात शाई वापरायची नाही, तोवर पेन्सिलच.