घराबरोबर आलेला भोंगा

इथे इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्याला एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्याचं नाव टीए १०. घरातलं काय सोडून जाणार आणि काय उचलून नेणार, याची खोलीवार यादी. पडद्यांच्या दांड्या, दिव्यांच्या शेड, न्हाणीघरातला आरसा, साबणदाणी, इतकंच काय, टॉयलेट पेपर अडकवायची दांडीसुद्धा. आपल्याकडे गोव्यात जमिनीच्या उताऱ्यावर, म्हणजे फॉर्म १ आणि १४ वर, कुळाचं नाव निघत नाही ना, वाटेवरून कुणाचं भांडण नाही ना, एवढं बघतानाच माणूस मेटाकुटीला येतो. साबणदाणीपर्यंत पोचतो कोण? तर आमच्या विकणाऱ्याने दारावरची घंटा, विजेचे सॉकेट आणि बर्गलर अलार्म या तिन्हींपुढे 'सोडून जाणार' अशी खूण केली होती. नवरा खूश. "बघ, सिक्युरिटी फुकट मिळाली."

स्विंडनमध्ये आपले किती लोक आहेत हे गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, त्यावर लिस्बनला नोंद, मग पोर्तुगीज पासपोर्ट, मग इंग्लंड. ही वाट तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगणातून गेलेली आहे, आणि त्या वाटेने गेलेल्यांबद्दल मागे काय बोललं जातं तेही मला ऐकू येतं. आम्ही ब्रेक्झिटच्या आधी आलो, ३० जून २०२१ च्या मुदतीत इथे राहण्यासाठी अर्ज केला आणि राहिलो. नवरा गोदामात रात्रपाळी करतो, मी केअर होममध्ये आहे. दर वेळी घरमालकाच्या मर्जीवर बोचकी बांधायचा कंटाळा आला म्हणून घर घेतलं. 'गावचं घर कुलूपबंद आणि परमुलखात नवं घर' असं कुणाला वाटत असेल तर त्यावर पुढे बोलते. आधी भोंगा.

घराच्या दर्शनी भिंतीवर, वरच्या खिडकीच्याही वर, एक पिवळट खोकं आहे. आमच्या रस्त्यावर बऱ्याच घरांवर असतं. काहींचं नुसतंच रिकामं, चोराला भिववायला. दारातून आत आलं की आकड्यांची पाटी. पुढच्या-मागच्या दारांना चुंबकाचे तुकडे, खोल्यांच्या कोपऱ्यांत अंगाची ऊब हलली की टिपणारे सेन्सर. आणि या सगळ्याचा मेंदू जिन्याखालच्या कपाटात, एका पत्र्याच्या पेटीत. पेटीत १२ व्होल्टची बॅटरी असते, वीज गेली तरी सिस्टीम जागी राहावी म्हणून. ही बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्या बॅटरीवर कुणीतरी काळ्या मार्करने २०१५ असं लिहून ठेवलं होतं.

कोड मात्र कुणी लिहून ठेवला नव्हता. एजंट म्हणाला सॉलिसिटरला विचारा, सॉलिसिटर म्हणाला विकणाऱ्याला विचारा, आणि विकणारा मुलीकडे राहायला गेला होता, फोन उचलेना. त्यातही कोड दोन असतात. एक घरच्यांचा, ज्याने सिस्टीम चालू-बंद होते. दुसरा इंजिनिअरचा, ज्याने आतल्या सेटिंग बदलतात. तो बसवणाऱ्या कंपनीकडे राहतो, घरमालकाला देत नाहीत. म्हणजे घर आपलं, भिंत आपली, पेटी आपली, आणि तिच्या पोटातलं आपल्याला कळता कामा नये. यावर नवऱ्याने बरीच चिडचिड केली. त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी दिलं.

बॅटरी मेलेली असल्यामुळे ती पाटी टुकटुक करायची. दिवसा ऐकू येत नसे. रात्री नवरा कामावर, घरात मी आणि लेक, आणि खालून टुक. मग बराच वेळ काही नाही. आता थांबलं म्हणून डोळा लागावा, तर परत टुक. मी केअर होममध्ये रात्रभर बेल ऐकून उठणारी बाई. घरी येऊनही तेच असेल तर घर कशाला घेतलं? लेक म्हणाली, "आई, तो आपल्याला बोलावतोय." झोप उडायला तेवढं वाक्य पुरे होतं.

शेवटी एका रविवारी मडगावचा एक मित्र, इथे वायरिंगचं काम करतो तो, जेवायला आला होता. जेवण झाल्यावर त्याने कपाट उघडलं आणि पेटीला जाणारी वीज स्विचवरून बंद केली. टुकटुक थांबली. आणि बाहेरच्या खोक्याने असा काही टाहो फोडला की लेकीने कान धरून थेट परसात धाव घेतली.

त्यामागचं कारण मला नंतर समजलं आणि मान्य करावं लागेल, युक्ती हुशारीची आहे. बाहेरच्या खोक्यात स्वतःची वेगळी बॅटरी असते. पेटीतून येणारी वीज थांबली की खोकं समजतं, कुणीतरी वायर कापली, आणि ओरडायला लागतं. पेटीतली बॅटरी जिवंत असती तर तिने वीज पुरवत ठेवली असती. ती मेलेली. खोक्यातली मात्र ठणठणीत.

खरा धक्का मला भोंग्याने दिला नाही. मी दार उघडून रस्त्यावर उभी होते. रविवारची दुपार, सगळे घरात. भोंगा असा की बोललेलं ऐकू येईना, वर निळा दिवा लुकलुकतोय. आणि एक दार उघडलं नाही. समोरच्या घरात पडदा हलला, परत स्थिर झाला. एक माणूस कुत्रं घेऊन चालला होता, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि कुत्र्यासकट पुढे गेला. आमच्या वाड्यावर एखाद्याकडे पातेलं जोरात पडलं तरी चार बायका हात पुसत कुंपणाशी येतात. दुपारची झोप मोडल्याबद्दल शिव्या देतील, पण येतील. आधी येतील, मग शिव्या देतील. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात या देशाला बरंच काही बोलून घेतलं.

तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. आमची दोन घरं एका भिंतीला जोडलेली, त्या पलीकडे एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. पायात घरातल्या सपाता, हातात एक छोटी वही. कोणत्या आठवड्यात कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा ते लिहिलेलं पान त्यांनी उलटलं, मागच्या पानावर चार आकडे होते. "आधी वीज चालू करा," त्या माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "मग हे दाबा." मित्राने वीज चालू केली, मी आकडे दाबले, आणि रस्ता पुन्हा रविवारचा झाला.

कोड त्यांच्याकडे होता, कारण त्या आधीच्या मालकाच्या कीहोल्डर होत्या, म्हणजे भोंगा वाजला तर चावी घेऊन येणारं माणूस. घराची चावीही होती. आम्ही राहायला आल्यापासून आमच्या घराची चावी त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. त्यांना वाटलं, आम्ही येऊन विचारू. आम्हाला वाटलं, विचारायचं एजंटला असतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. त्याने सगळं तपासलं, दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, घरचा कोड बदलायला शिकवला. (नवा कोड इथे लिहिणार नाही. दादा, तू आपल्या जुन्या स्कूटरचा नंबर लावून बघू नकोस.) रात्री खाली सिस्टीम चालू आणि वर माणसं मोकळी फिरू शकतात अशी सोय असते, ती लावून दिली. जुनी सिस्टीम टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला कळवायची. इथल्या तांब्याच्या तारांवरचे फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत, म्हणून तो भाग बदलून सिमकार्डवाला बसवला. त्याचे पैसे वेगळे. फुकट मिळालेल्या सिक्युरिटीचा एकूण हिशोब मी नवऱ्याला फ्रिजवर चिकटवून दिला आहे. विम्याच्या फॉर्मवर 'घराला अलार्म आहे' अशी खूण केली तर हप्ता थोडा कमी होऊ शकतो, पण काही कंपन्यांची अट असते की घर रिकामं सोडताना तो लावलेला हवा, नाहीतर चोरी झाल्यावर भरपाई नाकारू शकतात. आम्ही ती खूण केली नाही. दूध आणायला जाताना अलार्म लावला होता की नाही हे पुढे कुणाला सिद्ध करून द्यायचं?

आणि मग पोलीस. मला वाटायचं, भोंगा वाजला की पोलीस येतात. नाही येत. नुसता भोंगा असलेल्या घराकडे ते तेव्हाच बघतात, जेव्हा कुणीतरी माणूस फोन करून सांगतो की मी अमुक संशयास्पद पाहिलं. आमच्यासारखी, कंपनीला जोडलेली सिस्टीम पोलिसांकडे नोंदवता येते, तिला नंबर मिळतो. पण बारा महिन्यांत तीन खोट्या हाका गेल्या की त्यांचं येणं बंद. शिवाय कंपनीला दोन कीहोल्डर द्यावे लागतात. चावी हवी, सिस्टीम हाताळता यायला हवी, फोन हवा, यायला वाहन हवं आणि २० मिनिटांत पोचता आलं पाहिजे. त्याच्याही खाली, भोंगा २० मिनिटांहून जास्त वाजत राहिला तर काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येऊन तो बंद करू शकतो, असा २००५ चा कायदा आहे.

म्हणजे बघा. चुंबक, सेन्सर, सिमकार्ड, कंपनी, नोंदणी, सगळं झाल्यावर शेवटच्या ओळीत काय, तर शेजारी. ज्याच्याकडे चावी आहे असा शेजारी. मी हे फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगो, मग चावी शेजारी नाही तर कुठे देतात?" तिला यात बातमी काय तेच कळेना.

नवऱ्याला पटवायला मात्र वेळ लागला. सगळ्यांनी सांगितलं होतं, नवीन घर घेतलं की पहिलं कुलूप बदला. त्याने बदललं. आणि आता नव्या कुलपाची चावी कुणाला द्यायची, तर ज्यांच्याकडे जुनी होती त्यांनाच? "आपण ओळखतो किती त्यांना?" हे तो म्हणतोय, ज्याच्या म्हापशाच्या घराची चावी वर्षानुवर्षं दाराबाहेर तुळशीच्या मागे असायची. चावी मीच जाऊन दिली. बाईंनी ती त्याच खिळ्याला अडकवली. बरं, त्यांना इतकी वर्षं कुणाचं काय चाललंय ते सगळं माहीत असूनही आमच्या घरात काय शिजतं, पाहुणे कोण येतात, असलं काही त्या विचारत नाहीत. हे मला आवडतं, आणि आपल्याकडे चावी दिली की फ्रिजमध्ये काय आहे तेही जातं, हे तुम्हीही कबूल कराल.

आता गावच्या घराबद्दल. ते बंद आहे, खरं आहे. आई बहिणीकडे पणजीला असते, गुडघ्यांमुळे पायऱ्या होत नाहीत. भाड्याने का देत नाही असं विचारणारे स्वतःचं बंद घर कुणाला भाड्याने देत नाहीत, आणि का देत नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. चावी काकूकडे असायची. ती संध्याकाळी तुळशीत दिवा लावायची, खिडक्या उघडून हवा खेळवायची. काकू गेली, तिची मुलं एक बहरीनला, एक इथेच हाउन्सलोला. शेजारचं पलीकडचं घर विकलं गेलं. मागच्या पावसाळ्यात वाड्यावरच्या एका बंद घरात कौलं काढून चोर उतरले, दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, रोटाचा नैवेद्य देणं चालू आहे, ते दादा चुकवत नाही. आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या वहाणा रात्रीच्या फेऱ्यांनी झिजतात म्हणून नव्या द्यायच्या. त्याही सिस्टीमला देखभालीचा करार आहेच. पण दादाने आता ओसरीवर कॅमेराही बसवलाय, आम्हा सगळ्यांच्या फोनवर. त्यात माकडं दिसतात, पडवीतल्या खुर्चीवर बसलेलं कुणाचं तरी मांजर दिसतं, आणि पाऊस जोरात आला की वीज जाते आणि काहीच दिसत नाही.

मी तिथे असते तर दिवा लावला असता, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मी तिथे असते तर पणजीला फ्लॅटमध्ये असते, आणि दिवा कुणीच लावला नसता.

कंपनीच्या फॉर्मवर कीहोल्डर एकच्या जागी शेजारच्या बाई आहेत. त्यांच्याकडे गाडी नाही, पण भिंतीपलीकडून यायला लागतेय कशाला, असं कंपनीच्या माणसालाच वाटलं. दुसरी जागा रिकामी आहे. साउथॉलहून नणंदेने हक्काने सांगितलं, "माझं नाव घाल." साउथॉलहून इथे यायला गर्दी नसली तरी तासाच्या वर लागतो. मी २० मिनिटांचा नियम सांगितला, तर तिला वाटलं मी नियमाच्या आड लपतेय. गेला आठवडाभर फोन नाही. मडगावचा मित्र तयार आहे, पण त्याने आधीच विचारून ठेवलंय, भोंगा वाजला तर येईन, जेवण असेल ना?