चेंडूची वाट पाहिली, आले मजले

तुंगनाथच्या चढावर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ जिथं वितळत होता त्याच्या अगदी कडेला ते फूल पहिल्यांदा दिसलं. वीतभर दांडा आणि त्याच्या टोकाला जांभळट चेंडू. पानं नुकती उलगडत होती. बरोबरची मंडळी देवळाकडं गेली आणि मी चिखलात गुडघे टेकून फोटो काढत बसलो. दर सप्टेंबरला पाहुण्यांना कासवर नेऊन गेंद दाखवणारा, सीतेची आसवं दाखवणारा माणूस मी, आणि इथं समोरच्या फुलाचं नाव येईना. रेंज आल्यावर फोटो साताऱ्याला सरांना पाठवला. सर बॉटनी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'प्रिम्युला डेंटिक्युलाटा. उपटू नकोस.'

उपटलं नाही. पण घरी आल्यावर ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं. वर चेंडूचा फोटो, खाली छापील नाव. साताऱ्यात, शाहूपुरीतल्या गच्चीवर हिमालयातलं झाड लावायचं, ही कल्पनाच बायकोला गंमतशीर वाटली. "उन्हाळ्यात आपण जगत नाही, ते काय जगणार?"

पहिल्या वर्षी मी मेथी पेरल्यासारखं बी पेरलं आणि वर अर्धा इंच माती ओढली. दोन महिने रोज पाणी घातलं. काहीही उगवलं नाही. आई म्हणाली, "एवढ्यात कोथिंबीर दोनदा कापून झाली असती." चूक नंतर कळली. हे बी खसखशीपेक्षाही बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. ते मातीवर नुसतं टेकवायचं, गाडायचं नाही. दुसरं म्हणजे गारवा. वीस अंशांच्या वर पारा गेला की बरंचसं बी रुजायचं नावच घेत नाही. डोंगरावर ते बर्फाखाली हिवाळा काढतं आणि वसंतात जागं होतं. आपण तो हिवाळा फ्रिजमध्ये उभा करायचा.

दुसऱ्या वर्षी नवं पाकीट आणलं. नवरात्रात ओल्या टिश्यूपेपरात बी गुंडाळून श्रीखंडाच्या डब्यात घातलं आणि डबा फ्रिजमध्ये भाज्यांच्या वर ठेवला. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा दोनदा कचऱ्याकडं निघाला होता. शेवटी बायकोनंच त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'खायचं नाही'.

दिवाळीनंतर कोकोपीट, बारीक वाळू आणि चाळलेलं शेणखत असं मिश्रण करून पसरट कुंडीत भरलं. बी वर भुरभुरलं, तळहातानं हलकं दाबलं. झारीनं पाणी घातलं असतं तर बी वाहून गेलं असतं, म्हणून कुंडी परातीत ठेवून खालून पाणी चढू दिलं. वर प्लॅस्टिकची पिशवी. जागा, गच्चीवरच्या टाकीच्या उत्तरेला, जिथं ऊन पोचत नाही. एकोणिसाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. भिंगातून मोजले, अकरा. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

जानेवारीत रोपं वेगळी केली. तोवर सात राहिली होती. फेब्रुवारीत साताऱ्यातलं ऊन चटकायला लागल्यावर सातही कुंड्या गाडीच्या डिकीत घालून पाचगणीला ताईकडं नेल्या. पाचगणी साडेबाराशे मीटरच्या वर आहे, रात्री अजून गार होत्या. दाजींची स्ट्रॉबेरी आहे, त्यामुळं नाजूक रोपाला पाणी कसं घालायचं हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. शेडनेटखाली कुंड्या ठेवून ते म्हणाले, "फुल आलं की फोन करतो."

इथं एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. पानं गोलसर होती, कडा कातरलेल्या, आणि प्रत्येक पानाला चांगला लांब, बारीक देठ. माझ्या तुंगनाथच्या फोटोत पान लांबट होतं, खाली निमुळतं होत गेलेलं, वेगळा असा देठच नाही. मी मनाला समजावलं, लहानपणी असंच असेल.

मार्चच्या शेवटी दाजींचा फोन आला. "आवं पाव्हणं, तुमचा चेंडू काय आला नाही. हे मजल्यामजल्यानं चढतंय."

रविवारी सरांना घेऊनच गेलो. बारीक, केसाळ दांडा. त्यावर फिक्या जांभळ्या फुलांचं एक कडं, थोडं वर दुसरं, त्याच्यावर तिसरं. सरांनी पाकीट मागितलंच नाही. आधी देठ पाहिला, मग फुलाच्या मागची घंटेसारखी हिरवी वाटी बोटावर घासली. बोटाला पांढरी पूड लागली. "पिठूळपणावर जाऊ नकोस, तो डेंटिक्युलाटालाही असतो. देठ बघ, मजले बघ. ही प्रिम्युलाचीच दुसरी जात, मॅलाकॉइडिस. चीनच्या युनानकडची. उत्तरेत हिवाळी फूल म्हणून कुंड्यांत लावतात, पाच-सहा महिन्यांत फुलते आणि संपते." म्हणजे पाकिटावरचं नाव साफ चुकीचं होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, 'फूल सुंदर आहे, अभिनंदन.'

मग सरांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि फुलाच्या घशात बघायला लावलं. चार झाडं फुलली होती. तिघांच्या नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखा हिरवा ठिपका, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक वर आणि परागकोश खाली दडलेले. चौथ्याचं उलटं, परागकोश वर आणि टाचणी खोल. एकाच जातीत दोन तऱ्हेची फुलं, एकाचा पराग दुसऱ्याला मिळावा म्हणून. डार्विननं 1861 मध्ये प्रिम्युलाच्या या जोडीवर निबंध वाचला होता. आम्ही दाजींच्या शेडमध्ये बारीक ब्रशनं तीच लग्नं लावत बसलो. ताई चहा घेऊन आली नि परत गेली.

निघताना सरांनी बांधावरच्या अटकीच्या झुडपाकडं बोट केलं. "ही आता प्रिम्युलाच्याच कुळातली. वावडिंगसुद्धा. आम्ही शिकलो तेव्हा त्यांचं कूळ वेगळं होतं, 2009 च्या नव्या वर्गीकरणात ते प्रिम्युलेसीत मिसळलं." बाळाला उकळून देतात ते वावडिंग! घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग एवढी खटपट कशाला केलीस? वावडिंग तर डब्यात होतं."

(नर्सरीत कुंडीत मिळणारी मोठ्या फुलांची प्रिम्युला, ओब्कोनिका, मात्र जपून हाताळा. तिच्या पानांवरच्या केसांतल्या द्रव्यानं काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं. मागं एकदा आणली होती, आईनं दोन दिवस हाताला खोबरेल चोळलं.)

एप्रिलअखेर झाडं पिवळी पडली. त्याआधी चिमूटभर बी हाती लागलं, ते कागदाच्या पुडीत ठेवलंय. पण तुंगनाथचा चेंडू डोक्यातून जात नाही. हिवाळ्यात तो पानं टाकून जाड कळीएवढा होतो आणि बर्फाखाली गार, कोरडा बसून राहतो. पाचगणीच्या पावसात ती कळी कुजेल, हे सरांचं मत आहे. म्हणून यंदा दाजींनी पावसाळ्यापुरती पत्र्याखालची जागा द्यायचं कबूल केलंय. कुल्लूच्या एका ओळखीच्या बागवानाकडून, त्यानं स्वतः लावलेल्या झाडाचं बी मागवलं आणि पुन्हा श्रीखंडाच्या डब्यात घातलं. बायकोनं या वेळी चिकटपट्टीवर लिहिलंय, 'डेंटिक्युलाटा (असली तर)'.