आमची वाटचाल: बंपरपासून गिटारीपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. दारात कायम लांबी लावलेल्या दोन-तीन गाड्या, आणि घरातल्या धुतलेल्या कपड्यांनाही थिनरचा वास. मी शाळेत असल्यापासून तिथं पेपर घासायचो. गिटारी बनवायच्या असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कॉलेजातल्या एका मित्राची इलेक्ट्रिक गिटार स्टेजवरून पडली, कोपऱ्याचा रंग उडाला. "तुमच्याकडं स्प्रे गन आहे ना?" म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली, तिथून हे लागलं.

रंगवायची म्हणून खोलली. मागचे चार स्क्रू काढले की नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, बाहेर. आत पोकळीबिकळी काही नाही, भरीव लाकूड, त्यात कोरलेले खड्डे आणि वायरी. आबा शेजारी उभे होते. म्हणाले, "हे आपल्याच कामासारखं हाय की रं. दार काढा, रंगवा, परत बसवा."

ते चेष्टेत बोलले, पण नंतर वाचायला लागलो तर गोष्ट खरी निघाली. इलेक्ट्रिक गिटारी बनवणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. नेक गोंदानं चिकटवण्यापेक्षा त्यानं स्क्रूनं बसवली, म्हणजे खराब झाली तर बदलता येते. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आली. पुढं तिला जे खास रंग मिळायला लागले ते ड्युपॉन्ट कंपनीचे, मोटारींचेच. 'फिएस्टा रेड' १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, 'लेक प्लॅसिड ब्लू' १९५८ च्या कॅडिलॅकचा. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आपण इतकी वर्षं बंपर कशाला रंगवत बसलो?"

पहिली गिटार पूर्ण सुट्या भागांतून जोडली ती २०१५ साली. बॉडी, नेक, तारांचा आवाज पकडणारे पिकअप, तारा टेकतात तो ब्रिज, सगळं बाहेरून मागवलं. रंगाची मला काळजी नव्हती, आणि नेमका रंगानंच दणका दिला. बॉडीला सर्फेसर म्हणजे अस्तर, मग रंग, वर पारदर्शक क्लिअरचे पाच हात. आरशासारखी झाली. नेक बसवायला गेलो तर खाचेत जाईना. गाडीच्या दाराला सगळीकडून गॅप असते, इथं रंगाच्या जाडीएवढीसुद्धा नव्हती. तळहातानं दाबली, 'टक्' असा आवाज आला आणि खाचेच्या कडेपासून केसासारखी चीर निघाली. सगळा रंग उतरवून पहिल्यापासून. तेव्हापासून सर्फेसरच्या आधी खाचेत मास्किंग टेप लागते, आणि ती मी स्वतः लावतो. पोरं हसतात, हसू देत.

तीच गिटार जोडून झाली तर ॲम्पमधून घुंऽऽ. जॅकच्या धातूला हात लावला की घुरघुर कमी व्हायची, तारांना लावला की काही फरक नाही. म्हणजे तारांची अर्थिंग तुटलेली. दोन रात्री वायरी तपासल्या. शेवटी सापडलं ते असं: मागच्या खड्ड्यात ब्रिजच्या स्प्रिंगांना धरणारी एक पत्र्याची पट्टी असते, अर्थिंगची वायर तिला सोल्डर करतात. ती पट्टी मी हौसेनं काळी रंगवली होती. सोल्डर रंगावर नुसता बसला होता, धातूला चिकटलाच नव्हता. पट्टी खरवडली, पुन्हा सोल्डर मारला, आवाज बंद. पेंटरच्या हातात गन आली की त्याला सगळंच रंगवावंसं वाटतं, दुसरं काय.

बाहेरून येणाऱ्या बॉडीला भाडं आणि कस्टम धरून फार पैसे पडायला लागले, तेव्हा गावातच सोय बघितली. कोल्हापुरात फौंड्र्या भरपूर, त्यामुळं ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे पॅटर्नमेकरही भरपूर. लाकूड दशांश मिलिमीटरमध्ये कापणारी माणसं आणि संगणकावर चालणारे सीएनसी राउटर शेजारच्या शिरोलीत हाताशी. एकाला ड्रॉइंगची फाइल दिली, तुनाचं लाकूड दिलं. बॉडी इतकी सुबक आली की मी खूश. मग पिकगार्ड, म्हणजे बॉडीवर स्क्रूनं बसणारं प्लॅस्टिकचं झाकण, ठेवलं. त्याला अकरा भोकं. पहिलं जुळलं, चौथं थोडं सरकलं, खालच्या टोकाचं तर निम्मं बाहेर. नेकची खाच ५६ मिलिमीटर हवी, ती अर्धा मिलिमीटर जास्त. नेक आत ठेवली की डुलायची. फोन केला. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, "भावा, आटण धरली की!" बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी माझी फाइलही एक टक्का वाढवली होती. जणू मी गिटार बिडात ओतणार होतो. ती बॉडी आजही दुकानात भिंतीला आहे, त्यावर आम्ही रंगांचे नमुने मारतो. काम मात्र अजून त्यांच्याकडंच जातं.

फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासणं आणि नट (नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) कापणं मला येत नव्हतं. तासाभरावर मिरज, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिरांकडं चार रविवार जाऊन बसलो. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, घोडी अशी घासत होते की तार तिला पुसटशी लागून झंकारली पाहिजे. माझं काम बरोबर उलटं. तार कुठंही लागता कामा नये, लागली की गिऱ्हाईक गिटार परत घेऊन येतं. पण कानस कशी धरायची आणि कुठं थांबायचं हे तिथंच कळलं. घासलेलं परत येत नाही, हे ते दर दहा मिनिटांनी म्हणायचे.

लोक सगळ्यात जास्त विचारतात ते रंगाबद्दल. पीयू (पॉलियुरेथेन) की नायट्रो (नायट्रोसेल्युलोज)? पीयूमध्ये हार्डनर असतो, तो रासायनिक क्रियेनं कडक होतो. नायट्रो नुसता थिनर उडून वाळतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरून रंगाला पांढरट झाक येते. आमच्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर नायट्रोची ऑर्डर घेत नाही, ॲडव्हान्स दिला तरी नाही. जाड रंगानं आवाज मरतो असं म्हणणारेही येतात. मी वाद घालत नाही, पण निम्म्या वेळा नव्या तारा आणि नीट सेटअप एवढ्यानंच त्यांचं समाधान होतं.

एक गोष्ट करत नाही. हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या शेंड्यावर, नामांकित कंपनीचं नाव लावून द्या म्हणून दर महिन्याला कुणीतरी येतं. दुप्पट पैसे देतो म्हणतात. नाव दुसऱ्याचं, त्या कंपनीच्या हेडस्टॉकचा आकारही नोंदणीकृत. आम्ही आमचा आकार काढलाय, कुणी त्याला कोयता म्हणतं, चालतंय.

आता महिन्याला दोन, फार तर तीन गिटारी होतात. गाड्यांचं काम बंद केलेलं नाही, भाडं त्यातूनच निघतं. आबा बसून असतात, पण पॉलिशचं कंपाउंड मारून झालेली प्रत्येक बॉडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघतात. बॉडीत ट्यूबची रेघ सरळ दिसली पाहिजे. लहरली, की परत दोन हजार नंबरचा पेपर आणि पाणी.

सध्या एका कंडक्टरच्या मुलाची ऑर्डर आहे. त्याला एसटीचा लाल हवाय. रंगाच्या दुकानात शेड मागायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, "कुठली एसटी, नवी का उन्हानं विटलेली?" मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "पप्पांना विचारून सांगतो." दोन्ही शेडचे नमुने त्या एक टक्का मोठ्या बॉडीवर मारून ठेवलेत, अजून उत्तर आलेलं नाही.