आमची वाटचाल : राखाडी छटांना रंग देताना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा मुळातच राखाडी असते, कारण तिथला डिटेक्टर नमुन्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजतो आणि त्या मोजणीला रंग नसतो. पुढे चढणारा प्रत्येक रंग माणसाने ठरवलेला असतो. तो ठरवण्याचे काम सचोटीने करता येते, या विश्वासावर आम्ही दोघा भागीदारांनी हा व्यवसाय सुरू केला. भागीदार पेन टॅब्लेटवर एकेका कणाची कड हाताने आखत आणि त्यातून तयार होणाऱ्या मास्कवर, म्हणजे कोणत्या भागाला रंग द्यायचा हे दाखवणाऱ्या साच्यावर, मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतून रंग चढवत असे.

आमच्या पहिल्या ग्राहक परागकणांचा अभ्यास करणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. ओपनसीव्ही ही प्रतिमा हाताळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी रंगांचे चॅनेल नेहमीच्या लाल, हिरवा, निळा याऐवजी निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवते हे माझ्या ध्यानात न राहिल्याने त्यांचे पिवळे पराग आकाशी होऊन गेले. त्यांनी शांतपणे फाइल परत पाठवली आणि पुढचे कामही आम्हालाच दिले. हे ऋण मी विसरलेलो नाही.

आमच्यावर खरे संकट आले ते प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) प्रतिमांच्या, म्हणजे प्रकाश टाकल्यावर चमकणाऱ्या पेशींच्या चित्रांच्या, एका मोठ्या कामात. आमचा कोड प्रत्येक प्रतिमेतील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मूल्य शोधून ती प्रतिमा स्वतंत्रपणे ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ) अशी ताणत होता. त्यामुळे औषध दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी मूळ फाइलींत स्पष्ट वेगळ्या असूनही रंगवल्यावर सारख्याच तेजस्वी दिसू लागल्या. ग्राहकाच्या शोधनिबंधाच्या परीक्षकांनी ही विसंगती पकडली. आम्ही पैसे परत केले, सर्व प्रतिमा एकाच ठरावीक मर्यादेत पुन्हा रंगवून दिल्या, तरीही एकामागून एक ग्राहक गेले आणि भागीदारही बाहेर पडले.

त्याच काळात एका प्रतिस्पर्ध्याने आमचे रंग ‘फिके’ असल्याचे सांगत आमची कामे मिळवली, याचे शल्य मला आजही आहे. तो सर्रास जेट ही इंद्रधनुषी रंगपट्टी, म्हणजे प्रत्येक मूल्याला एक रंग नेमून देणारी पट्टी, वापरत असे. तिची उजळता मध्यापर्यंत चढते आणि पुढे उतरते, त्यामुळे सलग बदलणाऱ्या भागातही डोळ्याला पिवळ्या कडा दिसतात आणि कृष्णधवल छपाईत गडद निळा व गडद लाल जवळपास एकसारखेच काळपट उमटतात. मॅटप्लॉटलिब या पायथॉनमधील आलेख काढणाऱ्या लायब्ररीने २.० या आवृत्तीत जेट बाजूला सारून व्हिरिडिस ही समतोल चढणारी पट्टी मूळ निवड केली, तेव्हा आमचेच म्हणणे खरे ठरल्याचे समाधान मला लाभले; मात्र गेलेले ग्राहक काही परत आले नाहीत.

रचना दाखवणाऱ्या प्रतिमांसाठी आमची आजची पद्धत वेगळी आहे. प्रतिमा उजळता आणि रंग वेगवेगळ्या चॅनेलांत ठेवणाऱ्या लॅब (L*a*b*) रंगावकाशात नेऊन उजळतेचा चॅनेल जसाच्या तसा ठेवायचा आणि उरलेल्या दोन चॅनेलांतच मास्कनुसार रंग भरायचा. अतिउजळ व अतिगडद टोकांना रंगाची तीव्रता उतरवायची, नाहीतर पडद्याच्या आवाक्याबाहेरचे रंग छाटले जाऊन उजळताही बिघडते. जे हे काम नव्याने करत आहेत त्यांनी सोळा बिटांची टिफ फाइल वाचताना मूळ खोली कायम ठेवण्याचा पर्याय न विसरता द्यावा, कारण एरवी ओपनसीव्ही ६५,५३६ पातळ्यांची प्रतिमा २५६ पातळ्यांवर आणून ठेवते. तळाची माहितीपट्टी रंगवण्याआधी वेगळी काढावी, प्रमाणरेषा नंतर पुन्हा बसवावी, आणि मधल्या टप्प्यांवर तपशील गमावून फाइल लहान करणाऱ्या जेपेगला हातही लावू नये. लाल-हिरवी जोडी टाळून किरमिजी-हिरवी घ्यावी, म्हणजे रंगांधळ्या वाचकालाही दोन्ही भाग वेगळे दिसतात.

त्या प्राध्यापिका पडत्या काळातही आम्हाला सोडून गेल्या नाहीत. आजही त्यांच्या प्रत्येक कामासोबत मी राखाडी मूळ फाइल, वापरलेला मास्क आणि मूल्यमर्यादा लिहिलेली चिठ्ठी पाठवतो, आणि रंग कृत्रिम असल्याची नोंद त्या चित्राखाली स्वतःच्या शब्दांत लिहितात.